एकेचाळीस नावांचं पान

१

बुधवारी दुपारपर्यंत पानावर असलेली एकेचाळीस माणसं गुरुवारी सकाळी नाहीशी झाली होती. तशी ती आधी एकदा नाहीशी झालीच होती, सात महिन्यांपूर्वी, रंगाच्या कारखान्याला आग लागली तेव्हा. मेलेल्यांचा सरकारी आकडा नऊ. बाकीचे बत्तीस जण त्या दिवशी कामावर आलेच नव्हते, असं सरकारनं एकदा सांगितलं आणि विषय मिटवला. मग चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत चालणाऱ्या एका लहानशा बातमीपत्रानं दारोदार फिरून यादी केली आणि इंटरनेटवर टाकली. नाव, वय, काम, राहायचं ठिकाण. सोबत कारखान्याच्या गेटवरच्या वहीतल्या एका पानाचा फोटो. त्यात एकेचाळीस नावांपुढे आत गेल्याची वेळ होती आणि बाहेर पडल्याचा रकाना कोरा होता. तो एवढासा फोटो सरकारच्या आकड्याला पुरून उरत होता.

वेलांटीबाईंना बातमी फोनवर कळली. बाई त्या बातमीपत्राच्या मुद्रितशोधक. पेपर कागदावर छापला जायचा तेव्हापासून, म्हणजे सव्वीस वर्षं, त्या दुसऱ्यांच्या चुका काढून जगत आल्या होत्या. हे नाव कुणी पाडलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, आणि खरं नाव विचारायची सोय राहिली नव्हती. निवृत्त झाल्यावरही महत्त्वाच्या मजकुराचं मुद्रित, म्हणजे तपासायची छापील प्रत, त्यांच्या घरी यायचं, कारण पडद्यावर वाचलेलं त्यांच्या लेखी वाचलेलं नसे.

"बाई, यादी गेली," बातमीदार म्हणाली. ऑफिसात तिला वादळ म्हणत, कारण ती आली की दारं आपटायची. आज तिचा आवाज अगदीच बसला होता.

"गेली म्हणजे? सरकारनं बंद केली?"

"तेच कळत नाहीये. तुम्ही या. चुका तुम्हालाच सापडतात."

बाईंनी पदर खोचला आणि निघाल्या. यादीत सत्तावीस नंबरला त्यांचा भाचा होता, धाकट्या बहिणीचा एकुलता एक. फिटर. घरातलं नाव ढब्बू. सरकारच्या हिशेबी तो बेपत्ता होता, म्हणजे मेलाही नव्हता आणि जिवंतही नव्हता. चौकशी समितीपुढे पुरावा द्यायची शेवटची तारीख होती सोमवार. त्या दिवशी ते पान समितीपुढे गेलं नाही, तर तो कायमचा कुठेतरी निघून गेलेला पोरगा ठरणार होता, आणि त्याच्या आईला तो मेला असं म्हणायचीही मुभा राहणार नव्हती.

जिना चढून बाई वर आल्या तेव्हा ऑफिसातले चौघेही खोलीत होते, आणि कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.

२

"सरकारनं नाही केलं हे," वायरमन म्हणाला. हा खरं तर संगणक सांभाळणारा, पण सदानकदा टेबलाखाली वायरींत घुसलेला असायचा म्हणून वायरमन. "सरकार पान बंद करतं तेव्हा पान असतं, फक्त वाटेत दार लावतात. उघडायला गेलं की पाटी दिसते, अमुक कायद्यान्वये वगैरे. इथे पाटी नाही. इथे पानच नाही. आतून काढलंय."

"दुसरी प्रत?"

"दोन होत्या. एक लांबच्या मशीनवर, एक त्या कपाटातल्या डिस्कवर. दोन्ही साफ. छापील फाइल पण गेली, वादळच्या वह्या होत्या त्यात. बुधवारी दुपारी दोन ते पाचच्या मध्ये झालंय सगळं."

"लोकांनी फोनमध्ये फोटो काढून ठेवले असतील की."

"शेकड्यांनी. पण समितीला तसले चालत नाहीत. ज्यानं छापलं त्याच्याकडचं पान हवं, त्याच्या सहीशिक्क्यासकट."

"आणि आतून काढायला काय लागतं?"

वायरमननं मान खाली घातली आणि कीबोर्ड उलटा करून दाखवला. खाली चिकटपट्टीनं चिठ्ठी लावली होती, तिच्यावर परवलीचा शब्द. पाच वर्षं तोच.

"शाबास," बाई म्हणाल्या. "आणि कपाटाची किल्ली खिळ्याला. चोराला फक्त चहा द्यायचा राहिला."

"सगळे घरचेच ना, बाई. एवढं आहे, अग्रलेखांना वेगळी किल्ली आहे, म्हणजे वेगळा परवलीचा शब्द. ती संपादकसाहेबांकडे. माझ्याकडे पण नाही. मी अख्खा अग्रलेख उडवू शकतो, पण त्यातलं अक्षर हलवू शकत नाही."

बाईंनी ते ऐकून घेतलं. ऐकून घेणं हाच त्यांचा धंदा होता. या ऑफिसात जुनी रीत होती, महत्त्वाचा मजकूर दोघांनी मिळून तपासायचा. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं मूळ प्रत हातात धरून गप्प बसायचं. बरोबर असेल तोवर अवाक्षर काढायचं नाही. चुकलं तर एकच शब्द बोलायचा, थांबा. सव्वीस वर्षं संपादक आणि बाई अशी जोडी बसत आली होती. पेपर छापणं परवडेनासं होऊन इंटरनेटवर आला, खिडकीबाहेरचं झाड तोडलं गेलं, संपादकांची बायको गेली, पण ती रीत मोडली नाही.

"बुधवारी दुपारी इथे कोण होतं?"

"मी बाहेर. वादळ बाहेर. साहेब आतल्या खोलीत. आणि..." वायरमननं आवाज खाली आणला. "नियमकाका. मी परत आलो तेव्हा कपाटाची किल्ली त्यांच्या हातात होती."

३

नियमकाका हे सरकारनंच लावून दिलेलं माणूस, असं म्हटलं तरी चालेल. नव्या कायद्यानं इंटरनेटवर बातम्या देणाऱ्या प्रत्येकानं नोंदणी करायची होती आणि एक जबाबदार अधिकारी नेमायचा होता. सरकारची नोटीस आली की छत्तीस तासांत मजकूर उतरवायचा, आणि नाही उतरवला तर त्या अधिकाऱ्यानं आत जायचं. आत जायला दुसरं कुणी तयार होईना, म्हणून वकिलाकडे तीस वर्षं कारकुनी केलेल्या या गरीब माणसाला आणून खुर्चीवर बसवलं होतं. नोटिसा तीन आल्या होत्या. संपादकांनी तिन्हींना नकार कळवला आणि नोटिसा चौकटीत घालून भिंतीवर लावल्या. त्या भिंतीकडे पाठ करून काका बसायचे.

बाईंनी खुर्ची ओढली. "काका, किल्ली कशाला हवी होती?"

काकांनी खण उघडला आणि एक कागद पुढे केला. राजीनामा. तारीख बुधवारची.

"नेमणुकीचं पत्र कपाटात होतं. त्याची तारीख बघायची होती," ते म्हणाले. "मला रक्तदाब आहे, बाई. मुलगी बाळंतपणाला आलीय. मी घाबरट आहे हे मान्य, पण यादीला हात लावला नाही. माझ्या हातून एक ओळ तरी पुसली जाईल का? रद्द करायच्या कागदावरसुद्धा मी रेघ मारून सही करतो."

हे खरं होतं. बाईंनी त्यांना चहाच्या हिशेबाच्या चिठ्ठीवर सही करताना पाहिलं होतं.

"नोटीस आली असती तर तुमच्याकडेच आली असती ना?"

"साधी असेल तर." काका जरा थांबले. "एक दुसरी पण असते. गोपनीय. ती थेट मालकाच्या हातात देतात. ती आली हे बोलणंसुद्धा गुन्हा. बायकोला नाही, वकिलाला नाही. बोललं तर बोलल्याची शिक्षा वेगळी. मी अशी कधी बघितली नाही. म्हणजे बघितली असती तरी हेच म्हणालो असतो."

मालक म्हणजे संपादक. पण भिंतीवर तीन नोटिसा टांगणारा माणूस चौथीला मान तुकवेल, हे बाईंच्या मनाला पटेना. त्यांनी मुद्दाम दुसरीकडे पाहायचं ठरवलं.

४

"माझ्यावर संशय घेतलात तरी चालेल," वादळ म्हणाली. "निदान काहीतरी होईल."

ती जिन्याच्या पायरीवर बसली होती. सहा महिने ती त्या घरांतून फिरली होती. काही घरांत तिला पाणी मिळालं, काही घरांत शिव्या, आणि एका घरात म्हातारा बाप तिला रोज मुलाचे तेच ते बूट दाखवायचा.

"नावं मला पाठ आहेत, पुन्हा लिहून काढीन. पण नुसती नावं म्हणजे माझं बोलणं, बाई. खरा पुरावा तो फोटो. गेटवरची वही तर कंपनीनं हरवली म्हणून सांगितलंय."

"फोटो आला कुठून?"

"साहेबांनी दिला. कुणी आणला ते सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. आपल्यात विचारत नाहीत." तिनं नाक पुसलं. "तुम्ही बघितला असेलच की. पान तुम्हीच तपासलंत."

"मी अक्षरं बघते," बाई म्हणाल्या. "चित्रं माझ्या कामात येत नाहीत."

हे त्या अभिमानानं म्हणायच्या. फोटोतला माणूस उलटा छापला तरी वेलांटीबाईंना पत्ता लागणार नाही, असा ऑफिसात विनोदच होता.

मग त्या वायरमनच्या पडद्यासमोर बसल्या आणि आगीवरचे जुने लेख एकेक उघडायला लावले. एरवी नाकं मुरडणाऱ्या बाई पडद्याला नाक लावून वाचत होत्या. सगळे लेख त्यांच्या हाताखालून गेलेले, त्यामुळे कुठल्या परिच्छेदात यादीचा उल्लेख होता ते त्यांना ठाऊक होतं. पहिल्या लेखात तो नव्हता. दुसऱ्यात नव्हता. अकरा लेखांत मिळून एकही उल्लेख उरला नव्हता, आणि कुठेही भोक पडलेलं दिसत नव्हतं. जिथून वाक्य काढलं तिथे मागचं आणि पुढचं वाक्य जवळ आणून हलक्या हातानं जोडलं होतं. एके ठिकाणी तर जोडण्यासाठी नवा अर्धा परिच्छेद लिहिला होता, आणि तो मूळच्यापेक्षा चांगला होता.

घाबरलेला माणूस पान उडवतो आणि पळतो. सरकारी माणूस तर मागे वळूनही बघत नाही. यादी चोरताना वाचणाऱ्याला ठेच लागू नये म्हणून वाटेतले खड्डे बुजवत बसणारा चोर जगात फक्त याच दोन खोल्यांत निघाला असता. वायरमनला दोन ओळी धड लिहिता येत नव्हत्या. काकांनी लिहिलेल्या प्रत्येक वाक्यात एक 'सबब' असायचाच. वादळ लिहायची छान, पण तिची वाक्यं दारासारखीच आपटायची.

"अजून कुठे होता उल्लेख?" वायरमननं विचारलं.

"तीन ठिकाणी," बाई हळूच म्हणाल्या. "अग्रलेखांत. उघड."

त्यानं उघडले. तिन्हीतून यादी गेली होती, आणि तिन्ही जखमा सफाईनं शिवलेल्या होत्या.

५

आतल्या खोलीत संपादक खिडकीशी बसले होते. दोन दिवसांत दाढी केली नव्हती. समोर कोरा कागद होता आणि त्याच्यावर पेन नीट, कागदाच्या कडेला समांतर ठेवलेलं होतं. बाईंनी दार लावून घेतलं आणि समोरच्या खुर्चीत बसल्या, जिथे त्या सव्वीस वर्षं बसत आल्या होत्या.

"साहेब, मी वाचते," त्या म्हणाल्या. "तुम्ही प्रत धरा."

संपादकांनी मान वर केली. काय चाललंय ते त्यांना कळलं. या खोलीत त्यांना बोलायची बंदी होती, पण गप्प बसायची नव्हती. त्यांनी हात टेबलावर ठेवले.

"यादी आतून काढली," बाईंनी वाचल्यासारखं सुरू केलं. "काढणाऱ्याला वाक्यं जोडता येत होती आणि अग्रलेखांची किल्ली त्याच्याकडे होती. असा माणूस या ऑफिसात एकच आहे."

संपादक गप्प.

"त्याच्या हातात कुणीतरी एक कागद आणून दिला. तो कागद आला हेही त्याला कुणाला सांगता येत नाही."

संपादक गप्प. खाली रस्त्यावर कुणीतरी चष्म्याचा भाव करत होतं, ते सगळं वर ऐकू येत होतं.

इथवर बाई शोधक होत्या, इथून पुढे मावशी होत्या. "नोंदणी जाईल, हे दुकान बंद पडेल, म्हणून त्यानं एकेचाळीस माणसं विकली. त्यात माझं पोरगं होतं. त्याला या खोलीत माझ्या मांडीवर झोपवून मी कामं केलीत. तरी विकलं."

"थांबा," संपादक म्हणाले.

बाईंनी मनातल्या मनात मजकूर पुन्हा वाचला. काढलं, हे बरोबर. कागद आला, हे बरोबर. दुकानासाठी, हे चूक. मग कशासाठी? तेही त्या विचारणार होत्या, पण प्रत धरणाऱ्याला प्रश्न विचारायची रीत नव्हती.

संपादकच बोलले, आणि भलतंच बोलले. "यादीचं मुद्रित तुमच्याकडे आलं होतं. तपासून परत केलंत ना?"

बाई आयुष्यात पहिल्यांदा या खोलीत खोटं बोलल्या. "केलं."

"घरात असलं तर जाळून टाका, बाई. आजच." त्यांनी चष्मा काढला, आणि त्यांचे डोळे भरले होते. "धाकटी बरी आहे ना? कामाला जाते अजून तिथेच?"

सव्वीस वर्षांत संपादकांनी बाईंच्या घरच्या कुणाचीही चौकशी केली नव्हती. बाई उठल्या त्या थेट घरी निघाल्या.

६

मुद्रित परत करायचं, हा नियम बाईंनीच घालून दिला होता आणि तो त्यांनी एकदाच मोडला होता. सत्तावीस नंबरला पेन्सिलीची खूण करताना त्यांचा हात थांबला होता, आणि ते पान परत करवेना. कपड्यांच्या कपाटात, फळीवर अंथरलेल्या कागदाखाली त्यांनी ते सरकवून ठेवलं होतं.

दुपारचे साडेचार झाले होते. धाकटी त्यांच्याकडेच राहायची, पाचला घरी यायची. ती कारखान्याच्या गेटवरच्या ऑफिसात झाडलोट करायची. आग लागली तेव्हाही करत होती, आणि मुलगा गेल्यावरही तिथेच जात राहिली. लोक म्हणायचे, हिचं काळीज दगडाचं आहे. बाईही एकदा रागानं म्हणाल्या होत्या, की तुला त्या गेटकडे बघवतं तरी कसं? धाकटी दुसऱ्या दिवशीही कामाला गेली होती.

बाईंनी कागद खिडकीशी धरला. अक्षरं बाजूला ठेवली आणि जन्मात पहिल्यांदा चित्र बघितलं.

वहीचं पान कुणीतरी एका हातात धरून दुसऱ्या हातानं फोटो काढला होता. उजव्या कोपऱ्यात, कागद दाबून धरलेला एक अंगठा आला होता. नख मधोमध उभं चिरलेलं, दोन भागांत वाढलेलं.

तो अंगठा असा कसा झाला, ते जगात बाईंइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दहा वर्षांच्या, धाकटी सात. पाटी कुणाची यावरून भांडण, आणि बाईंनी रागानं लावलेलं दार. अंगठा तीन महिने फडक्यात होता. लिहिता येईना म्हणून धाकटीची शाळा त्या वर्षी बुडाली, मग बाप म्हणाला, राहू दे आता घरीच. एक बहीण अक्षरांवर जगली, दुसरीला आपलं नावही कधी लिहिता आलं नाही.

आता सगळं वाक्य जुळलं. तो गोपनीय कागद देणाऱ्यांनी संपादकांपुढे हाच अंगठा मोठा करून ठेवला असणार. पान उतरवा, नाहीतर कारखान्यातल्या एकेका बाईचा हात तपासतो. संपादक तो अंगठा ओळखत होते. वर्षानुवर्षं बाईंचा विसरलेला डबा घेऊन तोच हात त्या जिन्यानं वर आला होता.

कडी वाजली. धाकटी दारात उभी होती, आणि तिची नजर बाईंच्या हातातल्या कागदावर होती.

७

"बघितलंस शेवटी," धाकटी म्हणाली आणि चपला काढल्या.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू नको म्हणाली असतीस, ताई."

हे इतकं खरं होतं की बाईंना राग धरायलाही जागा राहिली नाही. धाकटीनं हातपाय धुतले आणि समोर येऊन बसली. आगीनंतर चौथ्या दिवशी गेटवरची वही वरच्या ऑफिसात न्यायचा हुकूम आला होता. पहारेकरी फोनवर बोलत होता, आणि धाकटी फरशी पुसत होती.

"तुला तर वाचता येत नाही. कुठलं पान ते कसं कळलं?"

धाकटी उठली आणि फडताळातून ढब्बूचा जेवणाचा डबा घेऊन आली. झाकणावर त्याचं नाव कोरलेलं होतं. "हा घेऊन गेले होते. शेवटून एकेका पानाशी धरून बघितलं. वरून मोजलं तर सत्तावीस ओळी." मग तिनं डबा उघडला. आत, चौघडी केलेलं, त्या वहीतून फाडलेलं मूळ पान होतं. "फोटो साहेबांना दिला. हे दिलं नाही. यात त्याचं नाव आहे ना, म्हणून ठेवलं."

बाईंनी ते पान हातात घेतलं. पुरावा म्हणतात तो हाच, संपादकांच्या सहीशिक्क्याची गरजच नसलेला. घरातच होता, त्यांच्या झोपायच्या जागेपासून चार हातांवर. आणि जी कुणी हे पान समितीपुढे ठेवेल तिला लगेच विचारणार होते, की बाई, हे तुमच्याकडे आलं कसं?

"मी नेते," बाई म्हणाल्या. "मला सापडलं म्हणून सांगते."

"आणि हे?" धाकटीनं अंगठा पुढे केला. "तुझा सरळ आहे, ताई. फोटो त्यांच्याकडे आहे."

"मग नको नेऊया. त्या माणसानं तुझ्यासाठी आयुष्यभराचं नाव मातीत घातलं. ते फुकट जाऊ द्यायचं? तूही गेलीस तर मला मागे कोण?"

बाई रडल्या. आग लागली तेव्हा बहिणीला सावरायचं म्हणून रडल्या नव्हत्या, ते सगळं आत्ता आलं. धाकटी त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली. "तो आत गेलेला मी बघितलाय," ती म्हणाली. "डबा विसरला होता म्हणून मागून हाक मारली. उशीर झालाय म्हणाला, हातानंच नको म्हणाला आणि आत गेला. बाहेर आला नाही. हे कुणीतरी सांगायला नको का? ते म्हणतात तो कामावरच गेला नाही. म्हणजे मी हाक कुणाला मारली?"

बाईंनी डोळे पुसले आणि पान सोमवारसाठी पुन्हा डब्यात ठेवलं.

सोमवारी अकरा वाजता दोघी समितीच्या ऑफिसात गेल्या. बाहेरच्या बाकावर संपादक बसले होते. शुक्रवारीच बाईंनी त्यांना सगळं सांगितलं होतं, आणि तेव्हाही ते बोलले नव्हते. आज दाढी केलेली होती. ते उठले, आणि धाकटीला आपली जागा दिली.

नोंद करून घेणारा कारकून बरा माणूस होता. पान बघून त्यानं आधी दाराकडे पाहिलं. दारापाशी साध्या कपड्यांतल्या दोन पोलीस बायका उभ्या होत्या, आणि त्या कशासाठी उभ्या आहेत ते सगळ्यांना कळत होतं. "नावं वाचा, मी लिहून घेतो," तो म्हणाला.

बाईंनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. धाकटीनं दुसरी प्रत, म्हणजे बाईंचं मुद्रित, हातात धरलं होतं. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण ती प्रत्येक नावाला बोट एक ओळ खाली नेत होती. वीस झाली, पंचवीस झाली. सव्विसावं नाव झालं, आणि बाईंनी पुढचं वाचलं.

"थांब," धाकटी म्हणाली.

सव्वीस वर्षांत बाईंची ओळ कधी सुटली नव्हती. त्यांनी कागदाकडे पाहिलं. सत्ताविसाव्या नावावर नजर टिकत नव्हती. कारकून पेन धरून बसला होता. मग धाकटीनंच ते नाव सांगितलं. घरचं नाही, पूर्ण, बापाच्या नावासकट, शांतपणे, कारकुनाला लिहायला वेळ मिळेल असं. नंतर तिनं बोट एक ओळ खाली नेलं आणि बहिणीकडे पाहिलं, आणि बाईंनी पुढची चौदा नावं वाचली.

"इथे सही," कारकून म्हणाला.

"येत नाही."

त्यानं शाईची डबी पुढे सरकवली. धाकटीनं उजवा अंगठा शाईवर टेकवला आणि कागदावर दाबला. कारकुनानं त्या नखाकडे पाहिलं आणि पोचपावती फाडून तिच्या हातात दिली. दारापाशी उभ्या असलेल्या दोघी पुढे यायला लागल्या होत्या.

धाकटीनं पावती बाईंपुढे धरली. "वाच ना, ताई. किती लिहिलेत?"

"एकेचाळीस," बाई म्हणाल्या.